कौसानीला केव्हा जावे?

हिमालय पाहायला निघालेला माणूस प्रथम अंतर विचारतो, नंतर खर्च विचारतो आणि ऋतूची चौकशी अगदी शेवटी करतो. खरे तर हा क्रम उलटा असावयास हवा. अंतर कापता येते, खर्चासाठी वर्षभर पैसे साठवता येतात. परंतु चुकीच्या महिन्यात पोहोचलेल्या माणसाला समोर उभा असलेला पर्वतही दिसत नाही. बडोद्याच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना ही साधी गोष्ट कळण्यासाठी तीन प्रवास करावे लागले.

बाईंचे घर जुन्या बडोद्यातील मराठी वस्तीत. यजमान एका शाळेत शिपाई, आणि बाई घरी यंत्रावर शाळांचे गणवेश शिवीत. यंत्रासमोरच्या भिंतीवर एक जुनी दिनदर्शिका टांगलेली होती. तिची पाने केव्हाच संपली होती. परंतु वरचे चित्र काढून टाकायला बाई तयार नव्हत्या. निळेभोर आकाश, त्याखाली तीन टोकांचा पांढराशुभ्र पर्वत, पायथ्याशी पिवळसर उतार आणि त्या उतारांवर काही तपकिरी ठिपके. ते ठिपके म्हणजे झोपड्या असाव्यात, असा बाईंचा समज होता. चित्राखाली 'कौसानी' एवढेच नाव छापलेले होते. काज करताना मान अवघडली की बाई डोके वर करीत आणि नजर त्या नावावर जाऊन थांबे. एकदा तेथे जायचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

कौसानी हे उत्तराखंडातील कुमाऊँ भागातले लहानसे गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,८९० मीटर. चीड आणि देवदार वृक्षांनी वेढलेल्या एका डोंगरधारेवर ते वसले आहे. धारेच्या एका अंगाला कोसी नदीचे खोरे, तर दुसऱ्या अंगाला गोमती नदीचे. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की मध्ये कोणताही मोठा डोंगर आड येत नाही आणि नजर थेट हिमशिखरांच्या रांगेला जाऊन भिडते. ७,१२० मीटर उंचीचे त्रिशूल, त्याच्या उजवीकडे ७,८१६ मीटरची नंदादेवी, पुढे नंदाकोट आणि दूर पूर्वेला पंचचुली. नंदादेवी या सर्वांत उंच. परंतु ती मागे असल्यामुळे पाहणाऱ्याला त्रिशूलच अधिक उंच भासते.

बाईंचा पहिला प्रवास २०१८ च्या मे महिन्यात झाला. महिना त्यांनी निवडला नव्हता, शाळेच्या सुट्टीने निवडला होता. यजमानांना रजा मिळायची ती मे महिन्यातच. बाईंसाठी मात्र तोच हंगाम कमाईचा. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत गणवेशांचे ढीग येऊन पडत. त्या वर्षी बाईंनी निम्मे काम परत पाठविले आणि वर्षभर डब्यात साठविलेले पैसे बाहेर काढले. दोन रात्री गाडीत आणि एक अख्खा दिवस घाटातल्या बसमध्ये काढून दोघे कौसानीला पोहोचले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ती दोघे गच्चीवर जाऊन उभी राहिली. उजाडले, परंतु समोर काहीच नव्हते. ढग असते तर ते सरतील अशी आशा तरी धरता आली असती. तेथे ढग नव्हते. होता तो एक मळकट, करडा पडदा. आकाश कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतात, हेही समजत नव्हते. विश्रामगृहातला मुलगा उत्साहाने बोट दाखवीत होता, "हे त्रिशूल, ती नंदादेवी." बाई त्याच्या बोटाच्या दिशेने पाहत राहिल्या. हवेत जळक्या पानांचा वास होता. रात्री समोरच्या उतारावर वणव्याची एक लाल रेघ सरकताना दिसली. तीन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी बाई गावाबाहेरच्या पायवाटेने फिरत असताना त्यांना नौला दिसला. कुमाऊँत झऱ्याच्या पाण्यावर दगडी चौकट बांधून जे छोटे टाके करतात, त्याला नौला म्हणतात. एक पहाडी स्त्री तेथे हंडा भरीत बसली होती. पाणी इतके खाली गेले होते की वाटीने उपसून हंड्यात ओतावे लागत होते. "पहाड पाहायला आलात, दीदी?" तिने हिंदीत विचारले आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "आता तो कोठे दिसायचा? कार्तिकात या."

त्या स्त्रीने एका वाक्यात जे सांगितले, त्यामागे निसर्गाचा सरळ हिशेब आहे. कौसानी आणि त्रिशूल यांच्यामध्ये सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे अंतर आहे. शिखर बाराही महिने जागच्या जागी असते. बदलते ती मधली हवा. उन्हाळ्यात पश्चिमेकडील कोरड्या मुलखातून वारे धूळ घेऊन येतात आणि ती पर्वताच्या पायथ्याशी साचून राहते. त्याच दिवसांत चिडाच्या वाळलेल्या सुयांचा थर जंगलात पसरलेला असतो. एक ठिणगी पडली तरी तो पेटतो आणि धूर दऱ्यांमध्ये भरतो. धूळ आणि धूर यांच्या कणांवर आपटून उजेड विखुरतो, आणि पांढरे शिखर व फिकट आकाश यांच्यातील भेदच नाहीसा होतो. हे वणवे केवळ पर्यटकांचा विरस करून थांबत नाहीत. कौसानीपासून फार दूर नसलेल्या बिनसरच्या अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी आग विझविण्यासाठी गेलेले चार वनकर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले. शहरातील माणसासाठी जो सुट्टीचा हंगाम, तो या डोंगरांसाठी आगीचा हंगाम असतो.

जूनच्या अखेरीस पाऊस येतो आणि आग विझते. मात्र आता ढग शिखरांना झाकून टाकतात. घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात आणि प्रवासाचा भरवसा राहत नाही. सप्टेंबर संपता संपता पाऊस माघारी फिरतो. तीन महिन्यांच्या वृष्टीने हवेतील धूळ धुऊन काढलेली असते, उंचावर ताजे हिम पडलेले असते आणि कोरडी, स्थिर हवा काही आठवडे टिकते. कार्तिकाची ख्याती आहे ती यामुळे. पुढे हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वादळी वारे, ज्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात, अधूनमधून ढग आणि हिम घेऊन येतात. एखादे वादळ ओसरल्यानंतरचे एक-दोन दिवस अत्यंत निर्मळ असतात. परंतु थंडी कडाक्याची असते आणि ते दिवस नेमके केव्हा येतील हे आधी सांगता येत नाही. फाल्गुन-चैत्रात बुरांशाची लाल फुले जंगलभर फुलतात. फुले पाहावयाची असतील त्याने तेव्हा जावे; मात्र तोपर्यंत क्षितिजावर धुरकटपणा पुन्हा जमू लागलेला असतो.

ऋतूइतकेच महत्त्व वेळेलाही आहे. पहाटे दऱ्यांतील हवा थंड व जड असते आणि ती खालीच बसून राहते. ऊन चढले की ती तापून वर सरकते, आपल्याबरोबर बाष्प नेते आणि दुपारपर्यंत शिखरांभोवती ढग गोळा होतात. म्हणून उत्तम ऋतूत गेलेला माणूस आठ वाजेपर्यंत झोपून राहिला, तर त्याचीही निराशा होऊ शकते.

बाईंनी हे सर्व नीट समजून घेतले. यजमान आता निवृत्त झाले होते, तेव्हा सुट्टीचे बंधन उरले नव्हते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दोघे पुन्हा निघाली. महिना योग्य होता, पौर्णिमा जवळ आली होती. कोठे चूक राहिली, असे कोणी म्हणू शकले नसते. ती दोघे पायथ्याच्या हल्द्वानी शहरात पोहोचली आणि पाऊस सुरू झाला. तो थांबेचना. १९ ऑक्टोबर रोजी मुक्तेश्वरच्या वेधशाळेत मागील चोवीस तासांचा पाऊस ३४०.८ मिलिमीटर नोंदला गेला. तेथे १८९७ पासून नोंदी ठेवल्या जातात. इतका पाऊस एका दिवसात पूर्वी कधीही झाला नव्हता. गौला नदीच्या पुराने काठगोदामजवळचा लोहमार्ग उखडला. डोंगरात जागोजागी दरडी कोसळल्या. त्या दोन-तीन दिवसांत उत्तराखंडात पन्नासहून अधिक माणसे मरण पावली.

धर्मशाळेच्या ओसरीवर त्या रात्री डोंगरातून उतरून आलेली काही कुटुंबे बसली होती. कोणाचे घर खचले होते, कोणाचा भाऊ सापडत नव्हता. बाईंनी पिशवीतले दशम्या-चटणीचे गाठोडे सोडले आणि मुलांना वाढले. त्रिशूल पाहावयाचे राहिले, हे त्या रात्री त्यांच्या मनातही आले नाही. परतीच्या गाडीत यजमान एवढेच म्हणाले, "आपले तिकीटच तर वाया गेले." बाईंनी मान हलविली.

उत्तम ऋतू म्हणजे निसर्गाने दिलेले वचन नव्हे. अनेक वर्षांच्या अनुभवावरून बांधलेला तो एक अदमास असतो. तो बहुधा खरा ठरतो, आणि कधीकधी साफ खोटा ठरतो.

तिसऱ्यांदा निघताना बाईंनी घाई केली नाही. २०२२ ची दिवाळी होऊन गेली होती. लग्नसराईच्या कामाला त्यांनी आठ दिवस उशीर लावला. यावेळी त्यांनी दोन दिवस हातचे राखून ठेवले होते आणि निघण्यापूर्वी रस्त्यांची व हवामानाची चौकशीही केली होती.

पहिल्या पहाटे थंडीने हात बधिर झाले होते. खाली दरीत धुके साचले होते. वर चांदण्या लख्ख होत्या. अंधार विरळ होऊ लागला तशी उत्तरेला प्रथम एक फिकट राखाडी रेषा उमटली. मग त्रिशूलाच्या टोकावर तांबूस ठिपका पडला. तो हळूहळू खाली उतरू लागला, केशरी झाला, पिवळा झाला आणि अखेरीस सारा पर्वत पांढरा होऊन उभा राहिला. बाईंना तो चित्रातल्यापेक्षा खूप मोठा वाटला आणि खूप जवळही. यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही.

त्या दिवशी ती दोघे अनासक्ती आश्रमात गेली. १९२९ च्या जून महिन्यात महात्मा गांधी कौसानीला राहिले होते. गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची प्रस्तावना त्यांनी येथेच लिहिली. तिच्याखाली २४ जून १९२९ हा दिनांक आहे. 'अनासक्तियोग' हे त्या ग्रंथाचे नाव. बडोद्यात वाढल्यामुळे बाईंना गुजराती उत्तम येत होते. दिनांक वाचून त्या क्षणभर थबकल्या. जून म्हणजे पाऊस तोंडावर आलेला महिना. शिखरे पाहावयास जा, असे त्या महिन्यात कोणीही सुचविणार नाही. परंतु जो माणूस लिहिण्यासाठी आला होता, त्याला तो महिना पुरला.

दुपारी बाई मुद्दाम नौल्याकडे गेल्या. ती स्त्री तेथे नव्हती. वरच्या उतारावर विळ्याने गवत कापीत होती. हिवाळ्यात जनावरांना पुरेल इतका चारा याच दिवसांत कापून, वाळवून, रचून ठेवावा लागतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बायका उतारांवर वाकलेल्या असतात. तिच्या बोटांवर गवताच्या पात्यांनी काढलेले बारीक ओरखडे होते. बाईंनी तिला जुनी ओळख सांगितली आणि म्हणाल्या, "तुझे खरे ठरले. आज पर्वत दिसला." ती हसली. तिच्या पाठीशी सारी हिमरांग उन्हात झळकत होती. पण काम टाकून मागे वळून पाहण्याइतकी उसंत तिला नव्हती.

"तुला कोणता महिना आवडतो?" बाईंनी विचारले.

"श्रावण," ती चटकन म्हणाली. "हरेला होतो, नौला काठोकाठ भरतो, गवत दारात उगवते. पाण्यासाठी बसून राहावे लागत नाही."

श्रावणात तर शिखरे दिसतच नाहीत, असे बाईंच्या ओठावर आले होते. मे महिन्यात वाटीने पाणी उपसणारी तीच स्त्री त्यांना आठवली आणि त्या गप्प राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी खाली वाकून कापलेल्या गवताची एक पेंढी बांधायला घेतली. त्यांची गाठ सैल बसली. त्या स्त्रीने ती सोडून पुन्हा कशी आवळायची ते दाखविले.

बडोद्याला परतल्यावर बाई यंत्रावर बसल्या आणि सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली. निळे आकाश, पांढरा पर्वत, पायथ्याशी पिवळसर उतार. त्या उठून चित्राजवळ गेल्या आणि चष्मा डोळ्यांशी नीट धरून पाहू लागल्या. उतारांवरचे तपकिरी ठिपके झोपड्या नव्हत्या. खांबांभोवती रचलेल्या त्या गवताच्या गंजी होत्या. चित्र कार्तिकातले होते. इतकी वर्षे ते महिना सांगत होते; बाईंना मात्र तोवर त्यात पर्वत तेवढाच दिसला होता.