एकाच घाटाचे पेले

नव्या घरातल्या त्या पहिल्या पार्टीची आठवण झाली, की मला अजूनही ओशाळल्यासारखे होते. जेवणाआधी गच्चीवर 'कॉकटेल'चा बेत होता. उंच काचेचे ग्लास, बर्फ, लिंबाच्या चकत्या, सगळे कसे साग्रसंगीत! धाकट्या दिरांनी उपचार घेऊन दारू सोडली, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांना काय द्यावे हे न सुचून मी मुलांसाठी आणलेले थंड पेय प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतून त्यांच्या हाती दिले. ते हसले, दोन घोट घेतले आणि डोके दुखते असे सांगून न जेवताच निघून गेले. पुढे वर्षभर त्यांनी आमच्याकडच्या एकाही कार्यक्रमाला पाऊल टाकले नाही.

त्यानंतरच्या चैत्रात आम्ही कुंभकोणमला गेलो. ते माझ्या सासूबाईंचे माहेर. मराठ्यांच्या राज्यात तंजावर भागात जाऊन स्थायिक झालेल्या घराण्यांपैकी हे एक. १८५५ साली इंग्रजांनी तंजावर खालसा केले, राज्य गेले, पण ही घरे तिथेच राहिली. घराबाहेर तमिळ आणि घरात जराशी जुन्या वळणाची मराठी.

मामींच्या परसात नार्तंगायचे झाड आहे. हे फळ आपल्या म्हाळुंगाच्या कुळातले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या एका हाती असते ते म्हाळुंग! साल जाड आणि खडबडीत, चव आंबट-कडवट. तिकडे ते गोल गोल चिरून, मीठ भरून उन्हात वाळवतात आणि दहीभातासोबत खातात. त्याच्या पानांची ओवा-मिरची घालून चटणीही करतात.

रामनवमीच्या दुपारी मामींनी त्याचेच सरबत केले. सालीचा वरचा पातळ पापुद्रा साखरेत चुरून त्यांनी सकाळीच झाकून ठेवला होता. दुपारपर्यंत साखरेला पाणी सुटून सारे घर दरवळले. त्यात रस, सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ आणि माठातले पाणी. मग घरच्यांना, पाहुण्यांना आणि नारळ उतरवायला आलेल्या माणसालाही त्यांनी ते एकाच घाटाच्या पितळी पेल्यांतून दिले.

"मामी, याला सगळ्यांना सारखेच पेले?" मी विचारले.

"मग? तहान काय वेगवेगळी असते का गं?" त्या म्हणाल्या.

मला गच्चीवरचा तो प्लॅस्टिकचा ग्लास आठवला. पेयात दारू नव्हती म्हणून दीर निघून गेले नव्हते. मी त्यांना मुलांच्या पंगतीत बसवले होते!

परतताना मामींनी चार फळे पिशवीत घातली. यांचा चाळिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. इंग्रजीतला 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असे म्हणतात. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा त्या पाच वस्तू. मामींच्या पेल्यात त्यातल्या चार होत्याच. फळाचा सुगंध सालीतल्या तेलात असतो आणि ते तेल ओढून घ्यायला साखर पुरेशी होते.

तरी आधी मी दिरांना फोन केला. "भाऊजी, यंदा दारू अजिबात नाही. सरबत करणार आहे. चालेल ना?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, त्या उंच ग्लासांत नका देऊ. ते हातात घेतले की सगळे आठवते."

हे मला कधीच सुचले नसते. दारूसारखे दिसणारे पेय काहींना पुन्हा त्याच वाटेवर ओढू शकते. अशा वेळी आपण अंदाज बांधण्यापेक्षा सरळ त्या माणसालाच विचारावे.

दोन फळांची साल मी अगदी पातळ काढली, कारण खालचा पांढरा भाग कडू लागतो. एक वाटी साखरेत ती पाच तास मुरवली. मग गाळून त्यात अर्धी वाटी रस, पाव चमचा सुंठ, वेलची, मीठ आणि सहा पेले गार पाणी घातले. नार्तंगाय मिळाली नाही, तर ईडलिंबू किंवा साधे लिंबूही चालते. नेहमी पिणाऱ्या दोन मित्रांनी आधी तोंडे वाकडी केली, मग दुसरा पेला मागून घेतला.

दीर आले, जेवले आणि शेवटपर्यंत थांबले. त्यांचा झगडा काही एका सरबताने संपणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. पण निघताना त्यांनी स्वतःचा पेला धुऊन इतर पेल्यांत पालथा घातला. थोड्या वेळाने पाहिले, तर त्यांचा पेला कोणता ते मला ओळखू येईना.