खालची लव

फाल्गुन लागला की जर्मन शेफर्डच्या मांड्यांवरची लव सुटायला लागते. उकललेल्या बोंडातून कापूस डोकावावा तशी राठ केसांमधून पांढुरके पुंजके वर येतात. तीस वर्षं जळगावात ही लव काढायचं काम करतोय, तरी अडतं एकाच जागी : थांबायचं कुठे?

मेलेला केस चिमटीत अलगद येतो. जिवंत केस किंचित अडतो. ते अडणं माझ्या बोटांना कळायचं. दोन वर्षांपासून साखरेनं बोटांची टोकं बधिर झालीत. हाताखाली शिकणारी पोरगी म्हणते, "काका, बस. आता ओढला जातोय." तिचं खरं असतं, आणि ते मला लागतं.

लोक विचारतात, लॅब्रेडॉर बारा महिने केस का गाळतो? त्याचा केस ठरावीक लांबीला थांबतो, विसावतो, गळतो. पूडलचा वाढतच राहतो, आणि सुटलेला कुरळ्यांत अडकून बसतो. म्हणून घरात दिसत नाही, पण गाठी होतात. केस कधी गाळायचा हे कुत्र्याचं अंग मुख्यतः उजेडावरून ठरवतं. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक, त्यात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. मग ऋतू कळावा कसा?

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की हल्ली सरसकट मशीन फिरवतात. मला याचा राग येतो. लव विंचरून काढली की वरच्या केसांतून वारा खेळतो आणि ऊनही थेट कातडीवर पडत नाही. पण हे मीही केलंय. धुळ्याहून एक पॉमेरेनियन आला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, पार काढून टाका." नको म्हणायला हवं होतं. पण त्या माझं नाव ऐकून एवढ्या लांब आल्या होत्या, आणि ते मला सुखावलं होतं. पुढच्या दिवाळीपर्यंतही पाठीवर केस आला नाही. नुसती काळवंडलेली कातडी. केस काढला तेव्हा फरशीवर पडलेला ढीग मी कौतुकानं दाखवला होता.

काल एका म्हाताऱ्या शेफर्डच्या कानामागे मी हात थांबवला. पोरीनं तिथेच दोन बोटं घातली. "अजून आहे, काका. थोडीच."

कंगवा तिच्या हातात दिला.