तेल आणि ऊन

‘सर, तुम्ही प्रकाशरसायनाकडे कसे वळलात?’ असे मुले विचारतात. खरे उत्तर वर्गात देता येत नाही. ते ग्वाल्हेरच्या एका गच्चीवर आहे.

१९८४ च्या मे महिन्यात मी लष्करात आत्याकडे गेलो होतो. वय दहा. तिथले ऊन बेळगावच्या माणसाला सांगून कळायचे नाही. आतेबहिणीच्या पायावर कोड होते, आणि घरात लग्नाची बोलणी चाललेली. वैद्यबुवांनी बावचीचे तेल दिले व सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायला सांगितले. ताईला घाई. ती भर दुपारी तासभर बसली. दोन दिवसांनी पायावर हे मोठाले फोड! आत्या तेलाला दोष देई, आतोबा उन्हाला. हे भांडण माझी सुट्टी संपेपर्यंत मिटले नाही.

बावचीत सोरालेन असते. अंधारात ते गप्प असते. अतिनील किरण पडले की पेशीतल्या डीएनएला जखडून बसते. प्रकाशाने जागी होणारी रंगद्रव्येही आहेत. त्यांची करामत वेगळी, ती प्राणवायूला उग्र बनवतात. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसले की अ‍ॅक्रिडिनमधले सूक्ष्मजीव उजेडात झटपट मरतात. १९१२ मध्ये मायर-बेट्झ या डॉक्टराने हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले आणि उन्हात तोंड सुजवून घेतले. (आमची ताई निदान पायावर निभावली.) पुढे १९९३ मध्ये कॅनडाने अशा औषधाला कर्करोगासाठी मान्यता दिली, पण रोग्याला कित्येक आठवडे ऊन वर्ज्य. म्हणजे दुखणे तेच: औषध नको तिथेही जागे.

यावरचा नवा उपाय मला फार आवडतो. काही रंगरेणू पाण्यात आपोआप एकावर एक रचले जातात, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. चवडीत त्यांचे तेज मावळते. रसायनज्ञ याला पूर्वी खोड म्हणत. आता तिचाच उपयोग करू पाहतात. चवड झोपेतच प्रवास करते, रोगट पेशीत पोचल्यावर सुटते, आणि मग प्रकाश टाकायचा. टोरांटोत २०११ मध्ये पॉर्फिरिनचे असे स्वयंरचित गोलक केले; त्यांत प्रकाशाची उष्णता होते. हे काम अजून बहुतेक प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच आहे.

ताईचे लग्न झाले, कोड राहिले. मागच्या उन्हाळ्यात तिला हे सारे सांगितले.

“म्हणजे आई आणि अण्णा, दोघेही बरोबर होते तर!” ती हसली, आणि सवयीने पाय साडीखाली ओढून घेतला.