तूट

वळवाचा पाऊस यायच्या आधी हवा जड होते, आणि आसपास कुणी बाभळीवर कुऱ्हाड चालवलेली असली, तर तो वास जमिनीलगत सरपटत येऊन मला गाठतो. पिवळ्या फुलांचा नव्हे, नुकत्याच फोडलेल्या लाकडाचा. ओला, तुरट, किंचित आंबूस. बोटाला डिंक चिकटावा तसा नाकात चिकटून राहणारा. परवा पुण्यात, भाजी घेऊन येताना, वादळात पडलेली फांदी माणसं तोडत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मिरजेला आमची लाकडाची वखार होती, आणि वखारीच्या पाठीमागे घर. खरं तर घर आणि वखार वेगळी नव्हतीच. आडव्या-उभ्या थरांनी रचलेल्या थप्प्यांमधून वाट काढत शाळेला जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. तो वास आमच्या वेण्यांत होता, वह्यांच्या पानांत होता, गोधडीच्या घडीत होता. आईनं चपाती वाढली तरी तिच्याबरोबर तो ताटात येई.

दादा, म्हणजे आमचे वडील, उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव हिंडून बांधावरची उभी झाडं बघत. बाभळीचे काटे चुकवत ते बुंध्याशी जात आणि झाडाला कवेत घेत. दोन्ही हातांची बोटं भिडली तर इतके मण, वीतभर अंतर राहिलं तर तितके. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी जुना सोयरा भेटलाय. मग शेतकऱ्याशी बोलणं, चहा, आणि झाडाची उक्ती किंमत ठरायची. घाटाकडचं ऐन-किंजळ चांगलं जळतं, पण १९६४च्या कायद्यापासून ती झाडं तोडायला परवानगी लागते. आमची सगळी भिस्त बाभळीवर.

अख्खं झाड आमच्या वाट्याला मात्र कधी येत नसे. सरळ बुंधा सुतार नेई, बैलगाडीच्या चाकाला, नांगराला. साल चामडं कमावणाऱ्यांकडे जाई. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला बाभळीच्या सालीचा तुरटपणा लागतो. उरलेल्या फांद्या आणि वाकड्या गाठी आमच्याकडे येत. जळण स्वस्त होतं ते त्यामुळे. त्याची किंमत सुतारानं आणि चांभारानं आधीच अर्धी चुकती केलेली असे.

लाकडं फोडायला एक काका यायचे. घाव घालताना त्यांच्या तोंडून ‘हं’ असा एक श्वास सुटे, आणि तो ‘हं’ आणि कुऱ्हाडीचा आवाज कधी मागेपुढे होत नसे. गाठ आडवी आली की ते पाचर ठोकत. मी उकिडवी बसून बघत राही. पाचरीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे बारीक बुडबुडे वर येत, क्षणभर थरथरत आणि फुटत. मग लाकूड कडकन दुभंगे, आत कडेला फिकट आणि मध्ये गुलाबीसर तांबूस, आणि तो वास एकदम अंगावर येई. झाडानं तोवर धरून ठेवलेला श्वास सोडला, असं वाटायचं.

किलोची वजनं १९५८ सालीच आली होती. तरी दादा मोजायचे किलोनं आणि बोलायचे मणानं. रात्री कंदिलाशी वही घेऊन बसत. खरेदी, गाडीभाडं, फोडणावळ, विक्री, आणि शेवटी एक शब्द: तूट. ओलं लाकूड शंभर मण घेतलं की वाळून सत्तर-पंचाहत्तर भरे. राहिलेले पंचवीस-तीस मण कुणी चोरलेले नसत, कुठे सांडलेले नसत. ‘उन्हानं नेले,’ असं दादा म्हणायचे आणि वही मिटायचे.

उन्हानं नेलं म्हणजे कुठे नेलं, हे मला त्या परवाच्या फांदीपाशी उभी असताना उमगलं. ते आमच्या घरात आलं होतं. दादा ज्याला तूट म्हणत होते, ते पाणी वास होऊन आमच्या केसांत, गोधडीत, ताटात उतरत होतं. त्यांनी पैसे मोजून घेतलेलं आणि कधीच विकता न आलेलं जे होतं, त्यातच आम्ही वाढलो.

आता वखार धाकटा भाऊ बघतो. बैलगाड्या गेल्या, नांगर ट्रॅक्टरला लागला, बांधावर बाभूळ राखायचं कारणच राहिलं नाही. आणि सापडलीच एखादी, तर सगळ्या झाडाचा भार एकट्या जळणावर पडतो. टेम्पो लांबून आणायचा, डिझेल, हमाली, फोडायचं मशीन, कर्जाचं व्याज. “ताई, मी भाव किलोचाच सांगतो,” तो फोनवर म्हणाला. “मणाचा सांगितला की गिऱ्हाईक दचकतं.” घरोघरी गॅस आला, बंब माळ्यावर गेले. उरले आहेत ते लग्नाचे आचारी, एखादी बेकरी, आणि स्मशान. त्या शेवटच्या गिऱ्हाइकाला सात-आठ मण लागतात, आणि तिथे भाव सांगताना भावाची मान अजूनही खाली जाते.

सगळ्यात महाग काय झालं असेल तर ते वाळवणं. सहा-आठ महिने माल पडून राहू द्यायचा, त्यात गुंतलेल्या पैशावर व्याज भरायचं आणि वर तूटही सोसायची, हे आता त्याला झेपत नाही. म्हणून आलेलं लाकूड महिन्याभरात बाहेर जातं, अर्धं ओलंच. लोक धुराची तक्रार करतात. तो ऐकून घेतो.

गेल्या दिवाळीत गेले, तेव्हा मागच्या भिंतीशी एक थप्पी दिसली. नीट रचलेली, वर पत्रा, पत्र्यावर दगड. म्हटलं, ही का विकली नाहीस? तो काही बोलला नाही. आईच म्हणाली, “ती माझी. मला धूर सोसत नाही, ठाऊक आहे ना तुला? म्हटलं त्याला, माझ्या वेळेला ओलं लावू नकोस.” आणि परवचा म्हणावा इतक्या सहजपणे तुळशीला पाणी घालायला निघून गेली. भाऊ पाठमोरा होऊन तागडीची साखळी सोडवत राहिला. सुटी होती की साखळी.

ती थप्पी त्यानं वजन न करता रचली आहे. वहीत कुठे मांडलेली नाही.

संध्याकाळी कुणी नाहीसं बघून मी तिच्यापाशी गेले. पत्रा जरा उचलला, वरची ढलपी हातात घेतली. हलकी होती. दोन ढलप्या एकमेकींवर वाजवून पाहिल्या, दादा वाजवायचे तशा. खणखणीत आवाज आला. मग नाकाशी धरली, डोळे मिटले, कितीतरी वेळ धरून राहिले.

वास नव्हता. लाकूड छान वाळलं होतं.