मोतीबिंदूपूर्वी सांगावी अशी जुनी गोष्ट

चष्मा सुटला की हळूहळू त्याची आठवणही सुटते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लेसर करून घेतलेल्या माणसाला आपला नंबर मायनस पाच होता की मायनस आठ, हे आज आठवत नाही. जुना चष्मा कुणाला तरी देऊन टाकलेला असतो आणि कागद घर बदलताना रद्दीत गेलेले असतात. एरवी त्यावाचून काही अडतही नाही. मात्र मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की ही विसरलेली गोष्ट एकदम महत्त्वाची होते. ती का, हे आपल्याला समजावे यासाठी हा लेखप्रपंच.

या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये असे भिंग प्रथम बसवले. सर्वसाधारण डोळ्याला सुमारे २१ डायॉप्टरचे भिंग लागते. परंतु प्रत्येकाचा नंबर वेगळा. तो काढण्यासाठी मुख्यतः दोन मापे घेतात. एक डोळ्याची लांबी आणि दुसरे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाचा बाक. ही मापे सूत्रात घातली की भिंगाचा नंबर मिळतो.

लेसर झालेल्या डोळ्यात घोळ होतो तो दुसऱ्या मापात. नेहमीचे यंत्र कॉर्नियाच्या फक्त पुढच्या पृष्ठभागाचा बाक मोजते आणि मागचा पृष्ठभाग त्याच्याशी ठरावीक प्रमाणात असेल असे धरून चालते. मायनस नंबर घालवताना लेसरने पुढचा पृष्ठभाग मध्यभागी सपाट केलेला असतो. मागचा होता तसाच राहतो. प्रमाण बदलले, हे यंत्राला ठाऊक नसते. ते कॉर्नियाची शक्ती आहे त्याहून जास्त दाखवते. शिवाय भिंग डोळ्यात किती खोल बसेल याचा अंदाजही अनेक सूत्रे याच बाकावरून बांधतात. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि हवे त्यापेक्षा कमी शक्तीचे भिंग निवडले जाते. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाला प्लस नंबर लागतो. त्याला दूरचे धूसर दिसते आणि जवळचे त्याहून धूसर.

शस्त्रक्रियेपूर्वी फिटनेसच्या चिठ्ठीसाठी रुग्ण माझ्याकडे येतात. साखर, रक्तदाब, ईसीजी पाहून झाले की मी पूर्वीच्या शस्त्रक्रिया विचारतो. साठी ओलांडलेल्या एका बाईंनी, डोळ्याचे कधी काही केलेले नाही, असे ठामपणे सांगितले. सोबत आलेली मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या लग्नाच्या फोटोत तर जाड काचांचा चष्मा आहे!” त्यावर बाई हसून म्हणाल्या, “अगं, ते कुठे ऑपरेशन होतं? दहा मिनिटांचं लेसर ते!” मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘दोन्ही डोळ्यांना पूर्वी लेसर’ असे लिहिले. नेत्रतज्ज्ञांनी मापे पुन्हा घेतली, निराळे सूत्र वापरले आणि भिंगाचा ठरलेला नंबर बदलला. त्या मुलीला तो फोटो आठवला नसता तर?

म्हणून ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. “डोळ्याचे ऑपरेशन झाले होते का?” एवढेच विचारू नका, “तरुणपणी चष्मा होता का, आणि तो कसा गेला?” असे विचारा. लेसर येण्यापूर्वी कॉर्नियावर बारीक चिरा देऊनही नंबर घालवत असत. तीही हकीकत सांगावी. अशा डोळ्यांत सकाळची आणि संध्याकाळची दृष्टी वेगळी असू शकते, आणि मोतीबिंदू काढल्यावर नंबर स्थिरावायला काही आठवडे लागू शकतात.

जुने कागद सापडले, तर लेसरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची मापे आणि लेसरनंतरचा नंबर अवश्य दाखवा. कागद नसले तरी धीर सोडू नये. कॉर्नियाचा मागचा पृष्ठभागही मोजणारी यंत्रे आज आहेत. हैगिस-एल, बॅरेट ट्रू-के यांसारखी सूत्रे जुन्या नोंदींशिवायही वापरता येतात. चार सूत्रांची उत्तरे ताडून पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात. पुष्कळदा ते मुद्दाम किंचित मायनसकडे झुकते माप ठेवतात. कारण अंदाज थोडा चुकला तरी निदान जवळचे नीट दिसते.

तरीही अचूकतेची हमी लेसर न झालेल्या डोळ्याइतकी देता येत नाही. “पुन्हा चष्मा लागेल का?” हा प्रश्न आधीच विचारावा आणि “कदाचित लागेल” हे उत्तर प्रामाणिक मानावे. दूरचे-जवळचे दोन्ही दाखवणारे महागडे मल्टिफोकल भिंग अशा प्रत्येक डोळ्याला मानवतेच असे नाही. रंगछटांतला बारीक फरक किंवा रात्रीचे दिवे त्रासदायक ठरू शकतात. नंबर राहिलाच, तर चष्मा हा सर्वांत सोपा उपाय. क्वचित भिंग बदलावेही लागते.

आपल्या घरात आज कुणी लेसर करून घेणार असेल, तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मापांची एक प्रत मागून घ्या आणि जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये ठेवा. तिची गरज तीस वर्षांनी पडेल.