चेन्नईहून ज्वालामुखीच्या दर्शनाला

ज्वालामुखी म्हटला की आपले मन इटलीतील व्हेसूव्हियसकडे किंवा एटनाकडे धाव घेते. तथापि, वाचकहो, जागृत ज्वालामुखी पाहण्यासाठी देशाची सीमा ओलांडण्याचे कारण नाही. चेन्नईच्या बंदरात आगबोटीवर चढावे, बंगालच्या उपसागरावर सुमारे तीन दिवस काढावेत आणि अंदमानात उतरावे. तेथील पोर्ट ब्लेअर या शहराचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम् असे झाले. तेथून ईशान्येस सुमारे १३५ किलोमीटरवर बॅरन बेट आहे. भारतातील जागृत ज्वालामुखी तो हाच.

ज्या शहरातून आपण प्रवासाला निघतो, त्यालाही दूरच्या ज्वालामुखीचा अनुभव आहे. १८८३ च्या ऑगस्टमध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआचा प्रचंड स्फोट झाला. त्याची सूक्ष्म राख वाऱ्यावर पसरली आणि सप्टेंबरात मद्रासच्या लोकांनी उगवता-मावळता सूर्य चक्क हिरवा पाहिला! पृथ्वीच्या पोटातील घडामोडींना अंतराचे बंधन नसते, ते असे.

बॅरन या इंग्रजी शब्दाचा अर्थ उजाड, वांझ. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद असून त्याचे सर्वोच्च टोक सुमारे ३५० मीटर उंच आहे. परंतु आपल्याला दिसतो तो केवळ माथा. खरा पर्वत समुद्रतळापासून दोन हजार मीटरांहून अधिक वर चढत आलेला आहे. सभोवती जुन्या पर्वताची वर्तुळाकार भिंत, तिच्या मध्यभागी राखेचा काळा शंकू, आणि पश्चिमेला त्या भिंतीला पडलेले खिंडार, अशी याची रचना आहे. त्या खिंडारातून लाव्ह्याचे ओघ समुद्राकडे जातात. भिंतीच्या बाहेरील उतारावर मात्र हिरवी झाडी आहे, आणि बेटावर रानटी शेळ्याही आढळल्या आहेत. नाव वांझ असले तरी जीवनाने या भूमीचा हात सोडलेला नाही.

या पर्वताचा स्वभाव मोठा लहरी आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची. १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअर याने त्याला धुराचे लोट आणि तापून लाल झालेले दगड उधळताना पाहिले. १८३२ नंतर मात्र तो जो निजला, तो दीडशेहून अधिक वर्षे! तो विझला, असे लोक म्हणू लागले असतील. पण १९९१ साली तो एकाएकी जागा झाला आणि त्याचा लाव्हा थेट समुद्रात उतरला. १९९४-९५ मध्ये पुन्हा उद्रेक झाला, २००५ मध्ये पुन्हा झाला, आणि त्यानंतर थोड्याथोड्या अवधीने तो धुमसतच राहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्येही त्याने आपले अस्तित्व दाखवून दिले.

एका दिवसातही त्याची रूपे किती पालटतात, हे २०१७ च्या जानेवारीत दिसून आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. तोच पर्वताने राख ओकण्यास प्रारंभ केला. जहाज सुमारे एक मैल दूर नेऊन त्यांनी निरीक्षण केले. उद्रेक पाच-दहा मिनिटांचे, लहान लहान होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळताच त्याच ठिकाणी तांबड्या लाव्ह्याची कारंजी उडताना आणि उतारावरून अग्नीचे ओहोळ वाहताना दिसू लागले. अग्नी दिवसाही होताच. तो प्रकट व्हायला अंधार लागला.

हा अग्नी येतो कोठून? भारताचे भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेस शेजारच्या भूपट्टाखाली हळूहळू सरकत आहे. खाली जाणाऱ्या खडकातील पाणी वरच्या तप्त थरात शिरले की त्या थराचा वितळणबिंदू उतरतो, आणि वितळलेला रस वर येतो. त्यातील वायूंचे बुडबुडे फुटले की निखारे उडतात. २६ डिसेंबर २००४ रोजी ज्या भूकंपाने सुनामी उठवून चेन्नईचा मरीना किनारा उद्ध्वस्त केला, तो याच सीमेवरचा. सौंदर्य आणि संहार यांचे उगमस्थान येथे एकच आहे.

म्हणूनच बेटावर पर्यटकाला पाऊल ठेवता येत नाही. रीतसर परवानगी काढून बोटीतूनच दर्शन घ्यावे लागते. याचा विषाद नसावा. कधी धूर दिसेल, कधी ज्वाला, तर कधी निःशब्द काळा डोंगर. पर्वत आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, हे मनाशी बांधूनच घराबाहेर पडावे. आणि काहीच घडले नाही, तरी त्या काळ्या उतारांकडे नीट पाहावे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून पसरलेल्या लाव्ह्याचाच बनलेला आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच जातीच्या काळ्या पाषाणात कोरली आहेत. कारणे निराळी असली तरी घडण अशीच, अग्नीतून झालेली. आपल्या डोंगरांचे जे बालपण पाहायला तेव्हा कोणीच नव्हते, त्याची थोडीशी कल्पना त्या बोटीच्या कठड्याशी उभे राहून आपणांस येऊ शकते.