मेंढा (लेखा): काही टिपणे

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना, धानोरा यायच्या जरा आधी हे गाव लागतं. कंसातलं लेखा म्हणजे शेजारचं गाव. विदर्भात मेंढा नावाची गावं बरीच, म्हणून ही खूण. वस्ती गोंडांची, साधारण पाचशे माणसं. जवळून कठाणी नदी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते.

•

गाव जागचं हललं नाही, पण पत्ता बदलत राहिला. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. जिल्हा आधी चांदा, मग त्याचंच चंद्रपूर झालं, 1982 पासून गडचिरोली. एका म्हाताऱ्याच्या आयुष्यात एवढी सरकारं येऊन गेली असतील, तर गावाला ‘सरकार म्हणजे नेमकं कोण’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

•

उत्तर गावाच्या घोषणेत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ पाहुणे दुसऱ्या अर्ध्या भागावर खूश होतात. मला पहिला अर्धा महत्त्वाचा वाटतो. दिल्लीतलं सरकारही आमचंच, असं ही माणसं म्हणतात, आणि तेही नक्षलवादाशी नाव जोडलेल्या गडचिरोलीत राहून.

•

मूळ कुठलं, हे गोंडांकडे कुळावरून आणि देवांच्या संख्येवरून विचारतात. चार देव, पाच देव, सहा, सात. दोन्हीकडचे देव सारखे निघाले तर सोयरीक होत नाही. त्यामुळे मुली दुसऱ्या गावांना जातात, सुना तिथून येतात. नात्यागोत्याचा नकाशा काढला तर गाव महसुली शिवेच्या पार बाहेर पसरलेलं दिसेल.

•

शीव. खरी गोष्ट इथेच आहे.

बांध्यांत धान, तेही पावसावर. सातबारा एवढंच ओळखतो. गावाचं पोट मात्र जंगलावरही चालतं: मोहफुलं, तेंदूपाने, हिरडा, बेहडा, चारोळी, बांबू. जमीनदाऱ्या गेल्यावर या भागात निस्तारपत्रकं झाली. कोणत्या गावाने कोणत्या रानातून जळण, बांबू, घराचं लाकूड घ्यायचं, गुरं कुठे चारायची, हे त्यांत लिहिलेलं. पुढे राखीव वनांचे नियम कडक झाले. कागद कारखान्याला बांबूचे भाडेपट्टे मिळाले. गावकऱ्याने कुंपणापुरता तोडला तरी गुन्हा! जुना हक्क नोंदवलेला होता, तरीही.

तो परत मागायला आधार मिळाला 2006 च्या वनहक्क कायद्याचा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढा होतं. माणशी साडेतीन हेक्टरांहून जास्त पडतं. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि तो देणारं वनखातंच. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जमिनीच्या कागदाइतकंच हे पुस्तक मोलाचं, असं माझं मत.

•

ग्रामसभेत मतदान नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय पुढच्या सभेवर. गावातल्या देवाजी तोफांसारखी माणसं ही रीत जपत आली. लोक याला गोंडी परंपरा म्हणतात, आणि ते आहेच. पण मला लोकसंख्याही तितकीच दिसते. पाचशेच्या गावात अडून बसलेल्या माणसाच्या घरी जाऊन बोलता येतं. पाच हजारांच्या गावात तो कोण, हेच आधी शोधावं लागेल. (अर्थात पाचशेची गावं जिल्ह्यात पुष्कळ. सगळीकडे हे झालं नाही.)

•

ग्रामसभेहून गावाचा अभ्यासगट वेगळा. तिथे फक्त समजून घ्यायचं, ठरवायचं काही नाही. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे लोक तिथे बोलू शकत; ठरवायला बसलं की गावचेच. सल्ला आणि निर्णय यांची अशी फारकत मोठ्या संस्थांनाही जमत नाही.

•

2013 मध्ये गावाने ग्रामदान ठरवलं. कायदा 1964 चा, विनोबांच्या चळवळीतला. लोकांनी आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं कबूल केलं. कसायला त्या घरोघरीच राहतात, पण बाहेरच्याला विकता येत नाहीत. म्हणजे आधी जंगलाची शीव, मग शेताची. रस्त्यालगतच्या गावाला या दुसऱ्या शिवेची गरज जास्त असावी. धानोरा वाढतंय.